गोठ्यातला शपथविधी

नाना रोज सकाळी म्हशींसमोर मंत्रिपदाची शपथ घेत.

मी थट्टा करते आहे असं कुणाला वाटेल. पण आमच्या घराची आणि नानांच्या गोठ्याची भिंत एकच होती, आणि माझं सगळं लहानपण ती शपथ ऐकण्यात गेलं. धारा काढून झाल्या की नाना बादली बाजूला ठेवत, टोपी सरळ करत आणि दावणीसमोर ताठ उभे राहत. मग खणखणीत आवाजात "मी", मग वडिलांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव, मग "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की". पदाची शपथ संपली की गोपनीयतेची सुरू व्हायची. ती गोपनीयतेची शपथ आमच्या सगळ्या आळीला पाठ होती.

"कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" या पदाच्या शपथेतल्या ओळीवर आले की नाना जरा थांबत. ते वाक्य त्यांना फार आवडायचं. त्या थांबण्यात आतून नानींचा आवाज यायचा, "आधी त्या म्हशीबद्दल ममत्वभाव बाळगा, आन् वैरण टाका तिला."

आमचं गाव आळेफाट्यापासून जवळच आहे. नाना आधी गावचे सरपंच, मग जिल्हा परिषदेवर, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आमदार. सगळा जुन्नर तालुका त्यांना नानाच म्हणायचा, म्हणून मीही तेवढंच लिहिते. आमदार झाले तरी ते धार स्वतः काढत. मुंबईला अधिवेशन असलं की म्हैस दूध कमी देते, असं त्यांचं म्हणणं होतं. नानी म्हणायच्या की म्हैस तेवढंच देते, हे तिथून चौकशा करून जीव खातात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. व्यक्तिचित्र वगैरे लिहिण्याची मला सवय नाही. त्यामुळे पुढे-मागे झालं तर समजून घ्यावं. पण नानांना मंत्री व्हायचं होतं, आणि ते व्हावेत असं गावालाही तितकंच वाटत होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वर्तमानपत्रात नानांचं नाव आलं की त्याच्या आधी 'मवाळ' हा शब्द असायचा. मला शाळेत असताना वाटायचं की ते त्यांचं पहिलं नाव आहे. नानांना कुणाची बाजू घेताच यायची नाही. जीपमध्ये ते नेहमी पुढच्या सीटवर मधे बसत. गियरचा दांडा त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे असायचा. ड्रायव्हर दर चढाला म्हणायचा, "नाना, जरा पाय." कडेला का बसत नाही असं कुणी विचारलं, तर म्हणत, "मदी बसलं म्हंजे दोन्हीकडचं ऐकू येतं." आणि कुणीही भांडण घेऊन आलं की दोघांचं ऐकून घेऊन त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुमचं बी खरं, त्यांचं बी खरं. आता च्या घ्या."

एकदा आमच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला त्यांना पंच म्हणून बसवलं. दोन गावांच्या गाड्यांनी घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, सारख्याच सेकंदांत पार केला. दोन्ही गावं काठ्या घेऊन स्टेजभोवती जमली. माईकवरून नाना म्हणाले, "दोघंबी पहिले." आता बक्षिसाची ढाल एकच होती. नानांनी ती सहा महिने ह्या गावाला, सहा महिने त्या गावाला, अशी वाटून दिली. पुढे ढाल पोहोचवायला एक गाव दुसऱ्या गावात वाजतगाजत जायला लागलं, जेवणावळी व्हायला लागल्या, आणि दोन्ही गावांत सोयरिकी झाल्या. पण मतदानाला दोन्ही गावं म्हणायची, "नाना आतून त्यांचेच."

पक्षातही तसंच होतं. पक्षात दोन गट होते. मंत्रिमंडळ बनायचं तेव्हा दोन्ही गटांच्या यादीत नानांचं नाव असायचं, पण दोन्हीकडे दुसरं. शेवटी जागा कमी पडल्या की कुणाला तरी वगळावं लागायचं. मग दोन्ही गटांचे पुढारी म्हणायचे, "नानांना वगळा. नाना कुठं रागावतात?"

आणि खरंच, नाना रागवायचे नाहीत.

पहिल्या वेळी मी चौथीत असेन. नाना मंत्री झाले अशी बातमी कुणीतरी फाट्यावरून आणली. ती कुठून निघाली ते कळलं नाही, पण तासाभरात गावात गुलालाची पोती फुटली. नाना मुंबईला होते. उधळायला समोर कुणी नाही म्हणून पोरांनी नानांच्या म्हशीवर गुलाल उधळला. संध्याकाळी रेडिओवर यादी आली. तिच्यात नाना नव्हते. लोक गप घरी गेले. गुलाल मात्र म्हशीच्या अंगावरून निघेना. पुढचे आठ दिवस ती गुलाबी म्हैस ओढ्यावर जायची, आणि रस्त्यावरचे परगावचे लोक विचारायचे, "पावणं, कोण निवडून आलं?"

दुसऱ्या वेळी गावानं शहाणपणा केला. पोती आणली, पण उघडली नाहीत. नाना फोनजवळ बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा होता. फोन आला. नानांनी ऐकून घेतलं, "तुमचं बी खरं हाय," असं म्हणाले आणि फोन ठेवला. मग सदरा काढून खुंटीला लावला आणि गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून शपथ ऐकू आली, नेहमीसारखीच. माझी आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "ह्या माणसाला कंटाळा कसा येत न्हाई?"

त्यानंतरच्या निवडणुकीत नाना पडले. थोडक्याच मतांनी पडले. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखले होते. नानी दारातच उभ्या होत्या.

"आपण पडलो ना?" नानींनी विचारलं.

"पडलोच की."

"मग ह्ये काय?"

"त्याची मिरवणूक फाट्यावर भेटली," नाना म्हणाले. 'तो' म्हणजे निवडून आलेला. "चला म्हणला नाना. नाय कसं म्हणायचं?"

नानींनी पाणी तापवायला ठेवलं. मला वाटलं होतं आता शपथ बंद होईल. आमदारच नाहीत तर मंत्री कुठून होणार? पण सकाळी ती झालीच. आवाज थोडा खाली होता, किंवा मला तसं वाटलं असेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, राज्यशास्त्र घेतलं होतं, आणि परीक्षेच्या सुट्टीत घरी होते. नाना शेतात कांद्याचं रोप बघायला गेले होते. दुपारी नानींनी मला हाक मारली. "मंदे, कुणी तरी हिंदीतनं बोलतंय. दोनदा ठेवला मी. परत वाजतोय."

"काय म्हणतात?"

"मला काय ठावं? मी म्हणलं ते श्यातात हायेत, आन् ठेवला."

तिसऱ्यांदा फोन मी घेतला. दिल्लीहून होता. मी "जी, बुलाती हूँ," एवढंच कसंबसं म्हणाले आणि बांधावरून पळत सुटले. नाना चिखलाच्या हातानं आले, रिसीव्हर दोन बोटांत धरला आणि बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक है. आपका भी सही है."

दिल्लीच्या माणसाला त्यातून काय समजलं कोण जाणे. फोन ठेवून नाना ओट्यावर बसले.

"राज्यपाल करत्यात म्हणं," ते म्हणाले.

पुढे वर्तमानपत्रात आलं ते असं. त्या पदासाठी पक्षाच्या दोन गटांनी दोन नावं दिली होती. एकाचं दुसऱ्याला चालेना, दुसऱ्याचं पहिल्याला. मग दोघांच्याही यादीतलं दुसरं नाव बघितलं, तर ते एकच निघालं. इतकी वर्षं ज्या दुसऱ्या नंबरानं नानांना घरी बसवलं, त्यानंच त्यांना राजभवनावर पाठवलं.

गावात मोठी चर्चा झाली. राज्यपाल मंत्र्याच्या वर की खाली, यावर पारावर दोन तट पडले. नानींनी मला विचारलं, "तू शिकलेली हायेस. काय काम असतंय त्यात?"

मी जरा घाबरतच सांगितलं की राज्यपाल हे राज्याचे प्रमुख असतात, पण कारभार मुख्यमंत्री बघतात, राज्यपाल त्यांच्या सल्ल्यानं सह्या करतात.

"म्हंजे ठरवायचं दुसऱ्यांनी, आन् ह्यांनी व्हय म्हणायचं?"

"साधारण तसंच."

"मग जन्मभर ह्ये दुसरं काय करत आलेत?" नानी म्हणाल्या. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, हे मी बघितलं.

त्या दिवशी पोती फुटली. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता लाल झाला. ज्या दोन गावांची ढाल अर्धी-अर्धी होती, त्या दोन्ही गावांचे ढोल आले. नानांना पाडून निवडून आलेला आमदारही आला आणि नानांना खांद्यावर घेऊन नाचला. नाना वरून सगळ्यांना सांगत होते, "दमानं. त्याची कंबर दुखती."

शपथविधी लांबच्या राज्यात होता, रेल्वेनं दोन दिवसांवर. नाना-नानी विमानानं पुढे गेले. गावातून आम्ही सात जण रेल्वेनं निघालो. मी आणि माझे वडील होतो, शिवाय गेनूआप्पा, सोपानआबा आणि आणखी तिघं. नानींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. "तितं मला बोलायला कोण हाय," म्हणाल्या होत्या.

राजभवन एवढं मोठं होतं की आम्ही आपोआप हळू बोलायला लागलो. दारात लष्करी पोशाखातला एक उंच तरुण उभा होता. त्याच्या खांद्यावरून सोनेरी दोरे लोंबत होते. तो राज्यपालांबरोबर राहणारा अधिकारी होता. पण गेनूआप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आदरानं विचारलं, "राव, बाकीचं पथक कुठंय?" आमच्याकडे लग्नातल्या बँडचा मास्तर असाच पोशाख घालतो. त्या अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, हे बरं झालं. त्यानं सलाम ठोकला. गेनूआप्पांनीही ठोकला.

नानांना शपथ न्यायमूर्तींनी दिली, हिंदीतून. हातात कागद होता, पण ही शपथही नानांनी आधी पाठ करून ठेवली होती, त्यांनी तो पाहिलाच नाही. समोर झुंबरं होती, गालिचे होते, मोठमोठी माणसं होती, आणि नाना जुन्या सवयीनं खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता बोलत होते. माझ्या शेजारी नानी बसल्या होत्या. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. नीट ऐकलं तर त्या मराठीतून शपथ म्हणत होत्या, गोठ्यातली. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्यात ते ममत्वभावाचं न्हवतं गं."

नव्हतंच. राज्यपालांच्या शपथेत ते वाक्य नसतं, ते मंत्र्यांच्या शपथेत असतं. ते मी नंतर पुस्तकात बघितलं.

समारंभानंतर सगळे चहाला मोठ्या दालनात गेले आणि तिथे एक घोटाळा झाला. राज्यपाल बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, अशी तिथली रीत. आणि नाना आयुष्यात कधी दुसऱ्याच्या आधी बसलेले नाहीत. ते एकेकाला म्हणायचे, "आप बैठिए." समोरचा म्हणायचा, "आप, महामहिम." असं बराच वेळ सगळं दालन उभं राहिलं. शेवटी नानी म्हणाल्या, "बसा की आता, लोकांचे पाय दुखाय लागले," आणि मग राज्याचे प्रमुख बसले.

आमची परतीची गाडी पाचव्या दिवशी होती. त्याच्या आदल्या दिवशी त्या राज्यात एका नव्या मंत्र्याचा शपथविधी ठरला. ती शपथ नानांनी द्यायची होती. आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. तेव्हा मला कळलं की राज्यपाल फक्त "मैं" एवढंच म्हणतात, आणि पुढचं सगळं मंत्री म्हणतो. इतकी वर्षं ज्यांनी सगळी शपथ पाठ केली, त्यांच्या वाट्याला एकच शब्द आला होता.

नाना "मैं" म्हणाले. तरुण मंत्र्यानं सुरुवात केली. तो फार घाबरलेला होता. मधेच त्याची ओळ चुकली आणि तो थांबला. आणि माईकवरून नानांचा आवाज आला, हलका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता."

मंत्री त्यांच्याकडे बघतच राहिला. पण नानांच्या तोंडाकडे बघून त्याला धीर आला असावा. त्याला ओळ सापडली आणि त्यानं पुढचं सगळं एका दमात म्हटलं. टाळ्या सुरू केल्या आमच्या मागच्या रांगेनं. मग सगळ्या सभागृहानं वाजवल्या. मला त्या दिवशी वाटलं की नाना आता कुठल्याही मंत्र्यापेक्षा मोठे झाले. अजूनही तसंच वाटतं.

निघायच्या दिवशी दुपारी नानांनी आम्हाला हिरवळीवर चहाला बोलावलं. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं लांब उभी होती. नानांनी गावातल्या एकेकाची चौकशी केली. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या मुलीचं जमलं. मग विचारलं, "आन् भांडणं?"

"भांडणं न्हाईत फारशी," माझे वडील म्हणाले.

"हितं तर अजिबात न्हाईत," नाना म्हणाले. "पाच दिस झाले. काय बी म्हणलं की 'जी, महामहिम.' परवा मी म्हणलं, आज उकडतंय. चौघं म्हणले, उकडतंय. मग मुद्दाम म्हणलं, तसं गारच हाय म्हणा. चौघं म्हणले, गार हाय."

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत.

"सोपान, तुझ्या आन् गेनूच्या बांधाचं काय झालं?"

गेनूआप्पा आणि सोपानआबांची शेतं शेजारी-शेजारी आहेत. बांधावरून त्यांचं कितीतरी वर्षं चाललं होतं, आणि नानांनी त्यांना किती वेळा चहा पाजला याला गणती नव्हती.

"मिटलं, नाना," सोपानआबा खुशीनं म्हणाले. "मोजणी आणली. दोघांनी सह्या केल्या."

"कवा?"

"मागल्या महिन्यात. तुमची जायची गडबड चाललेली, म्हणून न्हाई बोलावलं."

"बरं झालं," नाना म्हणाले. "लई दिवसांचं व्हतं." आणि कप हातात धरून हिरवळीकडे बघत बसले. चहा पीत नव्हते.

गेनूआप्पांनी घसा खाकरला. "मिटलं म्हंजे, बांधाचं मिटलं. पर बांधावरची बोर कुणाची, ते कुठं ठरलंय?"

सोपानआबांनी त्यांच्याकडे चमकून बघितलं. मग नानांकडे बघितलं. मग म्हणाले, "बोर माझीच हाय की."

"तुझी कशी? मुळं माझ्याकडं हायेत."

"आन् फांद्या?"

"फांद्या काय, कुणाकडं बी जात्यात. त्यांना काय मोजणी कळती?"

"बोरं माझ्या रानात पडत्यात, गेन्या."

"पडल्याली तुझी, लागल्याली माझी."

नानांनी कप खाली ठेवला. ते खुर्चीत पुढे सरकले. "थांबा. एकदम बोलू नका. गेनू, तू आदी बोल. सोपान, तुझं बी ऐकणार हाय मी."

तेवढ्यात सोनेरी दोऱ्यांचा अधिकारी आला आणि अदबीनं म्हणाला की कुलगुरू भेटीला आले आहेत. नानांनी मागे न बघताच हात वर केला. "उनको बोलो, जरा बैठो. च्या देव. इधर झगडा चालू है."

माझे वडील माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "ती बोर तर मोजणीच्या वक्ताला तोडली."

ते भांडण पाऊण तास चाललं. मधे दोनदा आवाज इतके चढले की लांबची चार माणसं जवळ आली. नानांनी त्यांना हातानंच लांब केलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी गावातले नाना बघत होते. शेवटी निर्णय काही झाला नाही.

निघताना ते आमच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. पुढे त्यांना येता येत नव्हतं. दोघांचे हात हातात घेऊन म्हणाले, "बोरीचं लगीच मिटवू नका. दिवाळीला येतो. जाग्यावर जाऊन बघू."

"न्हाई मिटवत, नाना," सोपानआबा म्हणाले.

रेल्वेत बसल्यावर सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. मग गेनूआप्पा म्हणाले, "आबा, दिवाळीच्या आत बोर लावाय पायजे."

सोपानआबा खिडकीबाहेर बघत होते. "बारकी नको आणू," ते म्हणाले. "मोठी आण. जुनी दिसली पायजे."